वाळूत रुतलेलं हळदीकुंकू

शोभनाला अमिरातीतल्या अल ऐनला येऊन सत्तावीस वर्षं झाली, पण नळावर तिचा अजून विश्वास बसलेला नाही. तिचं माहेर सोलापूर. तिथे पाणी येतं चार दिवसांनी एकदा, तेही त्याच्या मर्जीने. त्यामुळे तिच्या आईने लेकींना अक्षरओळखीच्या आधी बादलीओळख करून दिली होती. नळ म्हणजे जावई, असं आई म्हणायची. कधी येईल, किती टिकेल, कशावरून रुसून निघून जाईल, काही सांगता येत नाही.

अल ऐनच्या फ्लॅटमधला नळ चोवीस तास हजर. तरी शोभना सकाळी उठली की आधी दोन बादल्या, एक कळशी, ओट्याखालचा पिंप आणि हाताला लागतील ती पातेली भरायची, मगच चहाचं आधण ठेवायची. कालचं पाणी शिळं म्हणून कुंड्यांना घालायची. तिच्या नवऱ्याने, म्हणजे सूर्यकांतरावांनी, पहिली पाच वर्षं तिला समजावून पाहिलं, की अगं, इथे समुद्राचं पाणी गोडं करून देतात आणि समुद्र काही आटत नाही. पण पालथ्या घड्यावर पाणी. आणि शोभनाच्या घरात एकही घडा पालथा नव्हता, सगळे काठोकाठ.

तिचं म्हणणं एकदाच खरं ठरलं होतं. चौदा वर्षांपूर्वी बिल्डिंगचा पंप बिघडला आणि दीड दिवस कुणाकडे थेंब नाही. केरळची, सुदानची, फिलिपिन्सची, मजल्यावरची सगळी बिऱ्हाडं तांब्या-पातेली घेऊन हिच्या दारात उभी. पदर खोचून हिने सगळ्यांना वाढलं, पंगतीत आमटी वाढावी तसं. लग्नाची तारीख तिला आठवून सांगावी लागते, ही तारीख तोंडपाठ आहे.

अशी ही बाई. हात मोठा, जीव मोठा, तोंडही फार लहान नाही. पण एका बाबतीत तिची मान खाली जायची. सत्तावीस वर्षांत तिने संक्रांतीचं हळदीकुंकू एकदाही आपल्या घरी केलं नव्हतं.

अल ऐनमध्ये मराठी घरं मोजकी. दरवर्षी एकेकीकडे पाळी. शोभनाची पाळी आली की काहीतरी आडवं यायचंच. पहिल्या वर्षी तिला ओळखतच कुणी नव्हतं. मग वेदांग पोटात. मग सासऱ्यांचं सुतक. मग वेदांगला कांजिण्या. एका वर्षी नेमकं त्याच दिवशी सूर्यकांतरावांनी साहेबाला जेवायला बोलावून ठेवलं. करोनाच्या वर्षी तिने हट्टाने पाळी घेतली, तर हळदीकुंकू झालं फोनवरून. फोनवरून कुंकू लावल्यासारखं करता येतं, पण लुटायचं काय, डोंबल?

दुसऱ्यांकडे मात्र ती न चुकता जायची आणि वाण लुटून आणायची. तिच्या कपाटात लुटलेल्या चहाच्या गाळण्याच नऊ होत्या. साबणाच्या डब्या, किसण्या, चिमटे, त्यांचा तर हिशेबच नको. गेल्या वर्षी स्मिताकडे हळदीकुंकू होतं. ही स्मिता म्हणजे बायकांच्या ग्रुपची कारभारीण, कोणाकडे कधी जमायचं ते तीच ठरवायची. ओटी भरता भरता ती हसत हसत म्हणाली, "शोभनाताई, लुटण्यात तुम्ही पहिल्या आणि लुटू देण्यात शेवटच्या."

सगळ्या हसल्या. शोभनाही हसली. पण कुसळ डोळ्यात जावं तसं ते वाक्य आत गेलं, ते वर्षभर निघालं नाही.

आणि यंदा तर शेवटचं वर्ष. सूर्यकांतराव एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते, ते डिसेंबरात निवृत्त झाले. फेब्रुवारी संपला की दोघं पुण्याला कायमची परत जाणार. म्हणजे ह्या संक्रांतीला नाही तर मग कधीच नाही. शोभनाने नोव्हेंबरातच स्मिताला बजावून ठेवलं की यंदा माझ्याकडे, आणि वाणाच्या वस्तूही आणून ठेवल्या. काय आणल्या असतील? बादल्या. झाकणाच्या, दहा लिटरच्या, चांगल्या जाड कडीच्या, चौदा जणींना चौदा आणि एक जास्तीची. त्या रिकाम्या द्यायला तिचं मन धजत नव्हतं, पण भरलेली बादली बाई घरी नेणार कशी, म्हणून गप्प बसली.

इकडे सूर्यकांतरावांना वेगळाच ताप चढला होता. तीन वर्षं ते मोबाइलवर एकच गोष्ट बघत होते. अमेरिकेतली निवृत्त जोडपी थंडी पडली की घराला कुलूप लावतात आणि कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली, गाडीला जोडून वाळवंटात जाऊन राहतात. सकाळी खोलीबाहेर घडीची खुर्ची टाकायची, संध्याकाळी त्याच खुर्चीत चहाचा कप हातात धरून सूर्य बुडताना पाहायचा. बास, दुसरं काही करत नाहीत. सूर्यकांतरावांना ते फार आवडलं होतं. ते म्हणायचे, ती लोकं हजार हजार मैल गाडी हाकत वाळवंटात येतात आणि आपण सत्तावीस वर्षं वाळवंटातच असून टीव्हीसमोर बसलोय. जायच्या आधी एकदा मला तसं बसायचं आहे.

त्यांनी खैरुद्दीन नावाच्या पठाणाकडून एक जुनी कॅराव्हॅन आठ दिवसांसाठी भाड्याने ठरवली. रोजचे चारशे दिरहम, म्हणजे जवळजवळ दहा हजार रुपये, हे त्यांनी शोभनाला सांगितलं ते आंघोळीला जाता जाता, दार लावून घेताना. तारीख घेतली पंचवीस जानेवारी. त्या दिवशी रविवार होता. आणि त्याच रविवारी होती रथसप्तमी.

आता संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंतच चालतं. त्यानंतर केलेलं म्हणजे दिवाळी झाल्यावर फराळ. आधीच्या शनिवार-रविवारी बायकांची मुलं परीक्षेला, नाहीतर नवरे फुजैराला, काही ना काही होतंच. म्हणून स्मिताने नेमका हाच रविवार ठरवलेला. शोभनाने ऐकलं आणि दोन दिवस घरात फक्त भांडी बोलत होती. तशीही घरात चौदा बायका बसवायला जागा उरली नव्हती. बैठकीच्या खोलीत पुण्याला जायची खोकी छतापर्यंत रचलेली, सोफा विकलेला. तिसऱ्या दिवशी शोभनाच म्हणाली, की मग हळदीकुंकू तुमच्या त्या चाकांवरच्या खोलीतच होईल. तुम्ही तुमचा सूर्य बघा, मी माझ्या बायका बघते.

जागाही तिनेच ठरवली. अल ऐनपासून पाऊण तासावर, उंटांच्या वाड्यांच्या पुढे, डांबरी रस्त्याला लागून एक मोठं घाफाचं झाड आहे. घाफ म्हणजे आपली शमीच. शमीखाली हळदीकुंकू, रथसप्तमीचा दिवस, बायकांच्या गाड्यांना वाळूत उतरायला नको, सगळं छान जुळत होतं. वेळ चारची ठरली. मुलांची दुसऱ्या दिवशी शाळा आणि थंडीत त्या रस्त्यावर धुकं उतरतं, म्हणून दिवेलागणीला परत निघायचं, असं स्मिताने सगळ्यांना लिहून कळवलं.

वेदांग दुबईत नोकरी करतो. तो आदल्या दिवशी आपली मोठी जीप घेऊन आला. जन्म इथला, त्यामुळे आईला मराठीत हाक मारून पुढचं इंग्रजीत बोलायची त्याची पद्धत. खैरुद्दीनने कॅराव्हॅन जोडून दिली, सगळ्या कळा दाखवल्या आणि निघताना शोभनाला म्हणाला, "बाजी, टंकी आधी भरना. बाकी पानी रास्ते में मिलेगा."

शोभनाने मान डोलवली. मनात म्हणाली, टाकी अर्धी भरा म्हणणाऱ्या माणसाकडून खोली घेतली, आता देवच तारो.

रविवारी सकाळी रथसप्तमीचं दूध उतू घालून झाल्यावर, बापलेक वर खोक्यांना दोऱ्या बांधण्यात गुंतले असताना, तिने खाली नळी लावून काय भरायचं ते भरून घेतलं. आणि साडेदहाच्या सुमाराला वरात निघाली.

घाफाच्या झाडाशी ती साडेअकराला पोचली. तिथे थांबायचं, चटई अंथरायची, साखरेचा हलवा वाटीत काढायचा, झालं. पण सूर्यकांतराव थांबतात कुठले. त्यांच्या अमेरिकन लोकांपैकी कोणी रस्त्याकडेला बसत नसे. त्यांच्या मागे नुसती वाळू, नुसतं आभाळ, आणि मध्ये ती खोली, असा फोटो असतो. ते म्हणाले, चार वाजायला वेळ आहे, जरा दोन किलोमीटर आत जाऊ, फोटो काढू आणि परत येऊ. वेदांगने कसं जायचं विचारलं. सूर्यकांतरावांना सगळं ठाऊक होतं. चाकांतली हवा किती कमी करायची, चढ कसा घ्यायचा, मधेच थांबायचं नाही, हे ते मागच्या सीटवरून सांगत होते. उंटावरून शेळ्या हाकायला उंटच लागतो असं नाही.

जीप गेली झकास. दीड किलोमीटर गेली. मग एका चढावर मागून कुणीतरी शेपूट धरून ओढावं तशी हिसका खाऊन थांबली. वेदांगने पाय दाबला तशी पुढची चाकं खाली गेली. खाली उतरून पाहिलं तर कॅराव्हॅन पोटापर्यंत वाळूत, म्हैस डबक्यात बसावी तशी निवांत. जोडाचा लोखंडी दांडा वाळूत असा दाबला गेला होता की जीप सोडवून नेता येईना. नाकापेक्षा मोती जड झाला की काय होतं, ते नाक आणि मोती दोन्ही समोर दिसत होतं.

आज सूर्याचा रथ उत्तरेला वळतो म्हणतात. आमच्या सूर्यकांताचा बसला, असं शोभना पुटपुटली, पण हसू तिलाही आलं नाही. घड्याळात बारा वाजले होते.

तिघांनी फावड्याने वाळू उपसली. जेवढी काढावी तेवढी बाजूची आत यायची. वेदांगने अडकलेल्या गाड्या काढणाऱ्या हौशी मंडळींना फोन लावला. ते म्हणाले, आज थंडीचा रविवार, आधीच अकरा गाड्या रुतल्यात, पाच वाजता येतो इन्शाल्ला. शोभनाला इथे सत्तावीस वर्षं झालेली. पाच वाजता इन्शाल्ला म्हणजे कधी, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

चारला बायका त्या झाडाखाली येणार. काळ्या साड्या नेसून, गजरे माळून. तिथे ना चटई, ना हळद, ना यजमानीण. स्मिता काय म्हणेल, ते तिला शब्दन् शब्द ऐकू येत होतं. त्या बायकांना दीड किलोमीटर वाळूतून चालवत आणणार कसं आणि इथलं सगळं सामान तिथे डोक्यावरून वाहणार कसं? तिने स्मिताला फोन करायला मोबाइल काढला, नंबरावर बोट ठेवलं, आणि मोबाइल परत पर्समध्ये टाकला. अठ्ठाविसावं कारण सांगायची तिची हिंमत होईना.

तेवढ्यात वेदांग वजन कमी करायचं म्हणून आत शिरला. पिठाचा डबा बाहेर आला, गॅसची शेगडी आली, बादल्यांची चळत आली, करंज्यांचा डबा आला. मग त्याने पलंगाची फळी उचलली. पलंगाखाली तीन निळे पिंप होते.

"आई, व्हॉट इज धिस?"

"पाणी आहे."

"हाउ मच?"

"पुरेल इतकं."

एकेका पिंपात शंभर लिटर. वरची टाकी एकशेवीसची, ती तोंडापर्यंत. न्हाणीघरात दोन बादल्या. आणि कुकर रिकामा कशाला न्यायचा, म्हणून कुकरातही पाणी, वर शिट्टी लावून. वेदांग बोटांवर मोजत बाहेर आला आणि म्हणाला, "आई, धिस इज ऑलमोस्ट हाफ अ टन."

पाण्याला वजन असतं हे शोभनाला माहीत नव्हतं असं नाही. तिने सोलापुरात डोक्यावरून वाहिलंय. पण चाकांनाही ते लागतं, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तसं असेल तर चाकं लावायची कशाला?

बापलेकांचं लगेच एकमत झालं, आणि हे घरात फार क्वचित होतं. बादल्या आणि कुकर उचलून बाहेर ठेवता येईल, पण पिंप काही त्या अरुंद दारातून भरलेले निघत नाहीत. टाकी तर पक्कीच. पाणी सोडून द्यायचं, गाडी हलकी होईल, तासाभरात झाडाखाली. सूर्यकांतराव टाकीच्या खालच्या तोटीकडे गेले तर शोभना आधीच तिथे जाऊन उभी.

"वाळूत ओतायचं पाणी? माझ्या आईला काय तोंड दाखवू?"

"शोभना, आईंना जाऊन बारा वर्षं झाली."

"म्हणून तर. आता तिला तिथून सगळं दिसतं."

सूर्यकांतराव मग एक शहाणपणाची गोष्ट बोलले, वर्षातून एकदा बोलतात तशी. ते म्हणाले, "बघ बाई. एक तर पाणी ठेव, नाहीतर हळदीकुंकू कर. दोन्ही आज होत नाही."

शोभना तोटीला पाठ टेकून उभी राहिली. एकीकडे आईचं अख्खं आयुष्य. दुसरीकडे नऊ गाळण्या आणि स्मिताचं ते वाक्य. तिने दोन वेळा तोटीवर हात ठेवला आणि दोन वेळा काढला. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटून तोटी अर्धी फिरवली. पाण्याची धार वाळूत पडली आणि वाळूने ती अशी गिळली की ओल सुद्धा दिसेना. तेवढं बघूनच तिने तोटी परत घट्ट बंद केली. दीड वाजला होता.

त्याच वेळी टेकडीवर एक मान दिसली. मग दुसरी. मग एकामागे एक नऊ उंटिणी टेकडी उतरून आल्या, आणि त्यांच्या मागे डोक्याला फडकं गुंडाळलेला एक मधल्या वयाचा माणूस, हातात काठी, तोंडाने त्यांना शिव्या का लाडाचे शब्द काहीतरी पुटपुटत. पाण्याचा वास त्या बायांना टेकडीपलीकडूनच लागला असावा, कारण त्या सरळ कॅराव्हॅनपाशी आल्या आणि मोरीच्या पाइपला नाक लावून उभ्या राहिल्या.

माणसाचं नाव वासिफ. मुलतानकडचा, वीस वर्षं इथे उंट सांभाळतो. त्याने रुतलेली चाकं पाहिली, सूर्यकांतरावांची घडीची खुर्ची पाहिली, आणि मोठ्या सभ्यपणाने आपल्या उंटिणींकडे वळला. उंटिणींना तिथून हलवायला काठी वाजवत राहिला. शोभनाने विचारलं की ह्यांना एवढं घेऊन भर दुपारी कुठे चाललात. तो म्हणाला, "अम्मा, वाडी का पंप कल से ख़राब है. टँकरवाला आया नहीं. चार किलोमीटर पर दूसरी वाडी है, वहाँ पिलाने ले जा रहा हूँ."

पंप बिघडलाय. हे शब्द चौदा वर्षांनी पुन्हा तिच्या दारात आले होते, तेही नऊ लांब माना घेऊन. शोभनाने पदर खोचला.

"कुठे नेता त्यांना चार किलोमीटर? इथे बसवा पंगत," असं ती मराठीतच म्हणाली आणि वासिफला ते सगळं कळलं.

भांडी कुठून आणायची हा प्रश्नच नव्हता. पंधरा नव्या कोऱ्या बादल्यांची चळत वाळूत उभीच होती. नऊ उंटिणींपुढे नऊ बादल्या मांडल्या. सूर्यकांतरावांना तोटीवर बसवलं. वेदांगने पिंपात नळी घातली, तोंडाने ओढून पाणी खाली आणलं, आणि शोभना ओळीतून फिरू लागली, भर, सरकव, पुन्हा भर. उंटीण पाणी पिते म्हणजे पीत नाही, बादली नुसती आत ओढते. दहा लिटरची बादली भरून पाठ वळवावी तोवर रिकामी, आणि वर मान करून अशी बघते, जसं काही तुम्हीच उशीर केलात. असल्या जेवणाऱ्या शोभनाला जन्मात मिळाल्या नव्हत्या. तासाभरात तीनही पिंप संपले, टाकी संपली, न्हाणीघरातल्या बादल्या संपल्या. सगळ्यांत म्हाताऱ्या उंटिणीने मधल्या वेळात कुकरचं झाकण नाकाने सरकवून त्यातलंही संपवलं आणि शिट्टी वाळूत टाकून दिली.

एक थेंब वाया गेला नाही. शोभना घामाने भिजली होती आणि तिचा चेहरा असा झाला होता, की वेदांगने न सांगता फोटो काढला. सूर्यकांतरावांच्या वाळूच्या फोटोची गोष्ट तोवर सगळेच विसरले होते.

मग तिला वाटलं, ज्या पहिल्यांदा आपल्याकडे जेवल्या त्यांना तसंच कसं पाठवायचं. पण उंट दुसऱ्याचे, माणूस मुसलमान, आपण हळद लावली तर चालेल का नाही कोण जाणे. तिने भीत भीत करंडा उघडून वासिफला दाखवला. वासिफला गंमतच वाटली. तो म्हणाला, "क्यों नहीं? यहाँ जो ऊँटनी दौड़ जीतती है उसके माथे पर ज़ाफ़रान, यानी केसर, लगाते हैं. ये भी पीला, वो भी पीला. इस बूढ़ी को लगाओ, ये बेचारी आज तक कोई दौड़ नहीं जीती."

म्हातारीने मान खाली घातली. शोभनाने तिच्या कपाळावर चांगला मूठभर हळदीचा पट्टा ओढला, मधे कुंकवाचा ठिपका. वासिफच्या हातावर तिळाची वडी ठेवली आणि सांगितलं की हे खायचं आणि वर्षभर गोड बोलायचं. तो म्हणाला, "हम तो मीठा ही बोलते हैं अम्मा, इनसे पूछ लो." उंटिणी काही बोलल्या नाहीत.

हलक्या झालेल्या गाडीला काढायला वासिफ पुरेसा होता. त्याने कॅराव्हॅनच्या चाकांतली हवा कमी करायला लावली, सूर्यकांतराव ते सांगायला विसरले होते. मग चाकांपुढे चटया घातल्या, खांदा लावला आणि यल्ला, म्हणजे चला, म्हणाला. म्हैस डबक्यातून उठली. साडेतीन वाजले होते. शोभनाने पळत जाऊन बादल्या गोळा केल्या आणि कोरड्या वाळूने खसाखसा घासल्या. धुवायला पाणी कुठे होतं?

घाफाखाली पोचले तेव्हा चारला पाच कमी. चार गाड्यांतून चौदा बायका उतरत होत्या. स्मिताने शोभनाच्या पदरावरची वाळू, कपाळाला आलेला घाम, कोपरापर्यंत पिवळा झालेला हात, सगळं पाहिलं आणि तोंड उघडलं, पण शोभनाने तिला तिथेच अडवलं. चटया अंथरल्या, करंज्या काढल्या, शेगडी मांडली. आणि मग चहाचं पातेलं हातात घेऊन ती तशीच उभी राहिली.

साखर होती, दूध होतं, चहा होता. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडे पेलाभर पाणी नव्हतं.

"स्मिता," ती हळूच म्हणाली, "तुझ्याकडे थोडं पाणी असेल का गं?"

चौदा बायकांनी एकदम वळून पाहिलं. शोभना पाणी मागतेय, म्हणजे काहीतरी भयंकर झालं असणार. मग स्मिताने आपल्या गाडीची डिकी उघडली. आत स्पेअर चाकाशेजारी पाच लिटरचा भरलेला कॅन होता. दुसऱ्या गाडीची डिकी उघडली, तिथेही कॅन. तिसऱ्या गाडीत दोन. चौथ्या गाडीत कॅन आणि वर एक तांब्या.

स्मिता म्हणाली, "बघताय काय? सत्तावीस वर्षं दर भेटीला कोण सांगत होतं, गाडीत पाणी ठेवा म्हणून? तुमच्या भीतीने दर आठवड्याला बदलतो आम्ही. शिळं चालत नाही ना तुम्हाला."

चार गाड्यांच्या पाण्याचा चहा झाला. शोभनाला पदराने डोळे पुसावे लागले, आणि तिने ते वाळूवर ढकललं. मग हळदीकुंकू लावलं, ओट्या भरल्या, आणि वाण लुटायच्या वेळी तिने खरं सांगून टाकलं, की बायांनो, बादल्या नव्या आहेत पण उष्ट्या आहेत, आधी नऊ जणी लुटून गेल्या. काय घडलं ते सगळं सांगितलं, पिंप आणि कुकरासकट. ऐकता ऐकता एकीला हसताना ठसका लागला. सगळ्या जणी बादल्यांवर तुटून पडल्या, आणि म्हाताऱ्या उंटिणीची बादली कुठली, ती मला हवी, म्हणून दोघींची खरोखरच ओढाओढ झाली. ती अखेर स्मिताने मिळवली. जाताना गाडीत बसून तिने काच खाली केली आणि म्हणाली, "ताई, मी ते मागच्या वर्षी बोलले होते ना, ते परत घेते."

शोभना म्हणाली, "राहू दे गं. त्याच्यामुळे तर झालं."

सूर्यकांतरावांनी घडीची खुर्ची आणली होती खरी, पण तिच्यात शेवटपर्यंत कुणीतरी काळी साडी बसलेलीच होती. त्यामुळे त्यांनी उरलेली पंधरावी बादली पालथी घातली, तिच्यावर बसून कप हातात धरला आणि सूर्य बुडताना पाहिला. त्यांच्या मोबाइलवर असं बसलेलं कोणी कधी दिसलं नव्हतं. पण ते बराच वेळ उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी वासिफ मुद्दाम वाट वाकडी करून आला. पंप दुरुस्त झाला होता. पण सकाळपासून चार वाड्यांची माणसं येऊन त्याला विचारून गेली होती, की ही म्हातारी नेमकी कुठली शर्यत जिंकली. त्याने त्यांना काय सांगितलं, ते त्याने सांगितलं नाही, नुसता हसला आणि आणखी एक तिळाची वडी घेऊन गेला.

रिकामे पिंप जीपमध्ये टाकून सूर्यकांतराव पाणी आणायला निघाले. सात दिवस अजून राहायचं होतं. त्यांनी जीपमध्ये बसून विचारलं, टाकीत किती भरायचं. शोभनाने कालचा सगळा दिवस आठवला, चाकं आठवली, आणि मोठ्या मनाने म्हणाली, "निम्मीच भरा."

जीप वीस पावलं गेली असेल नसेल, मागून हाक आली. शोभना पंधरावी बादली हातात घेऊन उभी होती.

"अहो, थांबा. त्या पुन्हा आल्या तर? पूर्णच भरा. आणि ही पण घेऊन जा."